मालकांचा कन्व्हर्टर

१९९१ च्या जून महिन्यातला पहिला रविवार. रक्कम तीन हजार रुपये, घरभाड्याची अनामत, शंभराच्या तीस नोटा. हजर घरमालक, मी आणि माझी पत्नी. शिवाय स्टँडवर चढवलेला एक कॅमेरा. त्यालाही हजर इसम म्हणूनच धरायला हवं, कारण पुढची पाच वर्षं त्या घरात जे जे घडलं त्याला तो साक्षी होता.

मालकांनी नोटा माझ्या हातातून घेतल्या नाहीत. सतरंजीवर एकावर एक अशा सरकवून मांडायला लावल्या, की प्रत्येकीचा नंबर तेवढा उघडा राहील. एका फोटोत दहा, असे तीन फोटो काढले. मग नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात घातल्या.

"राग मानू नगा भाऊसाहेब," ते म्हणाले. "उद्या तुमी म्हनशीला चार हजार दिलं, म्या म्हनंन दोन. मधी काच असली की भांडान न्हाई."

"आणि फोटो धुवायचा खर्च?" माझ्या पत्नीनं विचारलं.

"त्यो माझा," मालक गंभीरपणे म्हणाले. "संशय माझा हाय न्हवं."

माझी साताऱ्याहून सांगलीला बदली झाली होती. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मी हिशेब पाहायचो. नदीकाठच्या गल्लीत ही खालची जागा मिळाली, भाडं महिना चारशे. मालक वर एकटे राहत. मूळचे उंब्रजकडचे, तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, मुलगा फौजेत, लांब ईशान्येकडे. दर महिन्याला त्याचं पत्र यायचं. तेही मालक आधी उजेडात धरून, पाकीट कुणी फोडून पुन्हा चिकटवलंय का ते बघत आणि मगच उघडत.

अशा माणसाच्या घरात राहायचं म्हणजे आपणही हळूहळू तसेच होतो. मी मुळातच काटेकोर, त्यात मालक वरच्या मजल्यावर. पाण्याच्या टाकीत ते रोज संध्याकाळी गाठी मारलेली दोरी सोडत आणि किती गाठी भिजल्या ते खडूनं जिन्यात लिहून ठेवत. मग मीही आमच्या बादल्या मोजू लागलो. त्यांच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात कधी दोन बादल्यांपेक्षा जास्त फरक पडला नाही. तरी दोघांचाही एकमेकांच्या आकड्यावर विश्वास नव्हता.

त्यांच्याकडे कॅमेरा एक आणि भिंगं दोन. एक मॅक्रो, मुंगीच्या मिशा दिसाव्यात इतकं जवळचं दाखवणारं. दुसरं झूम, सत्तर ते दोनशे दहा मिलिमीटरचं, लांबचं ओढून आणणारं. आणि तिसरी वस्तू म्हणजे कन्व्हर्टर. डबीएवढा काळा तुकडा, आत काचा. कॅमेरा आणि भिंग यांच्या मधे बसवला की दिसतं ते दुप्पट मोठं होतं. हे सगळं ते भाजलेल्या तांदळाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवत, म्हणजे पावसाळ्यात काचेला बुरशी धरत नाही. तांदूळ दर पंधरा दिवसांनी पुन्हा भाजत. पहिल्या पावसाळ्यात त्या वासानं माझी पत्नी वर चिवड्याची चौकशी करायला गेली होती आणि तांदळात पुरलेला कॅमेरा बघून परत आली.

"अहो, हा माणूस कॅमेरा शिजवतो," ती म्हणाली.

माणसांचे फोटो ते काढत नसत. गल्लीत बारसं असो की साखरपुडा, कुणी बोलवायला आलं की एकच उत्तर. "मानूस काचंम्होरं त्वांड बदालतो. मला बदाललेलं त्वांड नगं." मग गच्चीवर तासन् तास स्टँड लावून हा माणूस नदीकडे बघतो ते काय बघतो, असा प्रश्न गल्लीला पडायचाच. घरासमोर घाट. घाटावर सकाळी बायका गोधड्या, चादरी धुवायला येत. एक दिवस तीन-चार जणी आमच्या दारात आल्या. त्यांच्या वतीनं बोलायला म्हणून माझ्या पत्नीनं मलाच वर पाठवलं.

मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "मालक, हे भिंग कुणावर लावलंय?"

ते बाजूला झाले. "या, तुमीच बगा."

मी डोळा लावला. सगळं अंधारलेलं, संध्याकाळ झाल्यासारखं. पलीकडच्या काठावरचं उपशाच्या योजनेचं पंपघर, त्याचा जाड पाइप, पाइपावर खंड्या. घाट त्या चौकटीत कुठेच नव्हता. भिंग घाटाच्या डोक्यावरून पलीकडे रोखलेलं होतं.

"इतकं काळं का दिसतंय?"

"कन्व्हर्टर लावलाय. दुप्पट मोठं दावतो, पन उजेड चौथाई ठेवतो. फुकट काय देत न्हाई त्यो." मग त्यांनी तो तुकडा काढून पुन्हा बघायला लावलं. लख्ख उजेड, पण खंड्या अर्ध्या आकाराचा. "मॅक्रोला ह्यो सख्खा भाऊ. किड्याच्या अंगावर जावं लागत न्हाई, दोन हात लांबनं डबल फोटू मिळतो. झूमला मात्र सावत्र. कडा मऊ करतो, हात हालला की समदा इस्कोट."

मी खाली येऊन बायकांना सांगितलं, की घाटाचा फोटो निघत नाही, मी स्वतः खात्री केली. एकीनं विचारलं, "तुमी गेल्यावर फिरवलं तर?" त्या आठवड्यापासून माझी पत्नीसुद्धा कपडे गच्चीऐवजी खालच्या बोळात वाळत घालू लागली.

ढेकणाची गोष्ट त्यानंतरची, की आधीची, ते आता नक्की सांगता येत नाही. आमच्या गादीत ढेकूण निघाले. मी मालकांना म्हटलं, तुमच्या भिंतीतून आले. ते म्हणाले, तुमच्या सामानाच्या ट्रकातून आले. वाद वाढला तेव्हा त्यांनी एक ढेकूण काचेच्या पट्टीवर ठेवला, मॅक्रोला कन्व्हर्टर जोडला आणि फोटो काढला. आठ दिवसांनी वहीच्या पानाएवढा ढेकूण जिन्याच्या भिंतीवर चिकटवलेला होता. त्याच्या शेजारी दुसरा ढेकूण, आधीच्या बिऱ्हाडाचा, तीन वर्षांपूर्वीचा.

"फरक बगा. आदीचा फिक्का. ह्यो काळपट, पोसल्याला. ह्यो साताऱ्याचा हाय."

"ढेकणाला गाव असतं का मालक?"

"मानसाला असतंय, मग ढेकनाला का नसावं?"

माझी पत्नी माहेरची कोरेगावची. तिला हा सबंध जिल्ह्याचा अपमान वाटला. तिनं तो फोटो फाडून चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरी प्रत. मालकांनी दोन काढून ठेवल्या होत्या.

गल्लीत त्यांना 'डबल सुभेदार' म्हणत. कारण कन्व्हर्टर एवढंच नाही. त्यांच्या फौजेतल्या गोष्टीही लोकांना दुप्पट वाटायच्या. वीस फूट बर्फ, बावीस मैल चाल. ऐकणारा मनातल्या मनात दोनानं भागायचा. मीही भागायचो. हिशेबाच्या माणसाला ही सवय फार लवकर लागते आणि ती लागली आहे हे त्याला कळत नाही.

आता घाटावर उतरायच्या वाटेबद्दल. मी रोज पहाटे नदीत पोहायचो. आम्ही अकरा जण होतो. हिवाळ्यात, उन्हाळ्यात साडेसहाला पाण्यात शिरायचं, पलीकडचा काठ गाठायचा आणि परत यायचं. आमच्यात वयानं मोठे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्रेसष्ट वर्षांचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. सावकाश पोहणारे, सगळ्यांच्या मागे राहणारे आणि बाहेर आल्यावर शेवटच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून निवांत अंग चोळणारे. घाटावर उतरायची जवळची पायवाट मालकांच्या मोकळ्या जागेतून जायची. घर बांधायच्या आधीपासून लोक त्या वाटेनं जात होते. मालकांना तिथे कुंपण घालायचं होतं. त्यांनी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, आम्ही त्या उचलून बाजूला केल्या. मग रोज पहाटे ते गच्चीवरून ओरडायचे, "वाट बंद हाय! बाहेर व्हा!" आणि आम्ही खालून हात हलवायचो. मी त्यांचाच भाडेकरू, तरी मीही हलवायचो.

१९९५ च्या जानेवारीत त्यांनी आम्हा अकराही जणांना वाट बंद केल्याची लेखी नोटीस दिली. फेब्रुवारीत म्हणाले, नदीत मगर आहे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नोटीस, मग मगर. कुणाही शहाण्या माणसाला जे वाटेल तेच आम्हाला वाटलं. वरच्या अंगाला, लांबच्या डोहात मगरी दिसतात असं ऐकून होतो, पण आमच्या घाटासमोर कुणी कधी पाहिली नव्हती. घाटावर थट्टेला ऊत आला.

"आवं सुभेदार," एकजण खालून ओरडला, "मगरीला नोटीस दिली का न्हाई?"

"तिला लागत न्हाई गड्या," वरून उत्तर आलं. "ती वहिवाट सांगत न्हाई."

मग त्यांनी फोटो आणला. पोस्टकार्डाएवढा. पलीकडच्या काठाची वाळू, एका कडेला पंपघर आणि वाळूवर लांबट, काळसर काहीतरी. डोकं कुठे, शेपूट कुठे, कळेना. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'दोनशे दहा. सकाळी सात वीस. लांबी अकरा फूट.'

"ओंडका आहे हा," मी म्हणालो.

"ओंडका वाळूवर चढून उनाला बसतो व्हय? आनि आठ वाजता पान्यात जातो?"

"तुम्ही म्हणता म्हणून जातो."

त्यांनी फोटो माझ्या हातात दिला. "भाऊसाहेब, तुमी आकड्याचं मानूस. हिसाब काढा. फोटू ठेवा तुमच्यापाशी."

तो हिशेब त्यांनीच मला शिकवला होता, एका दुपारी, पंपघराकडे बघता बघता. निगेटिव्हवरचं माप गुणिले अंतर, भागिले भिंगाच्या कड्यावरचा मिलिमीटरचा आकडा. तोफखान्यात असंच काहीसं करून पलीकडचं अंतर काढतात म्हणे. मी रात्री जेवणानंतर पट्टी घेऊन बसलो. प्रिंटवर तो ओंडका तेवीस मिलिमीटर भरला. प्रिंट निगेटिव्हच्या सव्वाचार पट, म्हणजे निगेटिव्हवर साडेपाच मिलिमीटरला थोडा कमी. गच्चीपासून पलीकडच्या काठाचं अंतर मी कचेरीतल्या नकाशावरून काढलं, एकशे अठ्ठावीस मीटर. भिंग दोनशे दहा.

इथे मी थांबलो. भिंगाच्या कड्यावर दोनशे दहा लिहिलेलं असतं, कन्व्हर्टर लावला तरी तेच राहतं. पण लावला असेल तर हिशेबात चारशे वीस धरायला हवेत. गच्चीवर मी मालकांना जेव्हा जेव्हा पाहिलं होतं तेव्हा कन्व्हर्टर लावलेलाच होता. म्हणजे त्यांनी मागे दोनशे दहा लिहिलं, लांबी अकरा फूट काढली आणि मधला तुकडा सोयीस्करपणे विसरले. मी चारशे वीसनं भागलं. उत्तर आलं साडेपाच फूट. बरोबर निम्मं. मला इतका आनंद झाला की मी पत्नीला हाक मारून कागद दाखवला.

"त्यांना विचारलंत का, तो तुकडा लावला होता का म्हणून?" ती म्हणाली.

मी विचारलं नव्हतं आणि विचारायचा माझा विचारही नव्हता. उत्तर खोटं मिळणार, अशी माझी खात्री होती.

मगरीची बातमी उठल्यापासून मास्तर तीन दिवस पाण्यात उतरले नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी घाटावर सगळ्यांसमोर मला विचारलं, "भाऊसाहेब, थट्टा बाजूला ठेवा. तुमचा आकडा काय सांगतो?"

मी खिशातून कागद काढून वाचून दाखवला. म्हणालो, "साडेपाच फूट. ओंडका आहे. आणि समजा मगर असलीच तरी पिल्लू आहे, ते माणसाच्या वाटेला जाणार नाही."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," मास्तर म्हणाले. त्यांनी बंडी काढली, नीट घडी घालून पायरीवर ठेवली आणि पाण्यात उतरले. मालक गच्चीवर उभे होते. ते रोजच्यासारखे ओरडले. आम्ही रोजच्यासारखे हात हलवले.

नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी आम्ही पलीकडे जाऊन परत आलो. बहुतेक जण अंग पुसत होते. मास्तर शेवटच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून अंग चोळत होते. गच्चीवरून मालक ओरडू लागले, "मास्तर, बाहेर व्हा! बाहेर!" कुणीतरी म्हणालं, "आज फक्त मास्तरांनाच नोटीस." सगळे हसले. मास्तरही हसले आणि त्यांनी वर बघून हात हलवला.

मग ते एकदम खाली बसल्यासारखे झाले. आवाजसुद्धा आला नाही. मी सगळ्यांत जवळ होतो, मी त्यांचा दंड धरला. पलीकडून कुणीतरी त्यांना ओढत होतं, एवढंच मला हाताला कळलं. दुसऱ्यानं दुसरा दंड धरला. तेवढ्यात मालक पायवाटेनं धावत आले. हातात कॅमेऱ्याचं लोखंडी स्टँड होतं. चप्पल-धोतरासकट ते पाण्यात शिरले आणि मास्तरांच्या पायापाशी स्टँडनं दणादण मारू लागले. तीन की चार घाव. मग ओढ सुटली आणि आम्ही सगळे मागे पायऱ्यांवर पडलो.

उजव्या पायाची दोन बोटं गेली. घोट्याला सव्वीस टाके पडले. मास्तर दवाखान्यात अठरा दिवस होते.

त्याच दिवशी दुपारी मालक दवाखान्यात कॅमेरा घेऊन आले. मास्तरांचा जावई बाहेर बाकावर बसला होता, तो उठला आणि त्यांना दारातच अडवलं. "लाज वाटत नाही? आता जखमेचे फोटो काढून आपलं खरं करायला आलात?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. नोटीस, मग मगर, मग फोटो, आणि आता हे.

मालक जावयाशी भांडले नाहीत. खिशातून फूटपट्टी काढली. "दाताच्या खुणांतलं अंतर मोजायचं हाय. जनावर किती मोठं ते त्यावरनं कळतंय. वन खात्याच्या कचेरीत गेलतो, ते म्हनले पुरावा आना. म्या जवळ जात न्हाई, हात लावत न्हाई. मॅक्रोला कन्व्हर्टर जोडलाय, दोन हात लांबनं काडतो. ड्रेसिंग बदालताना एक मिनिट द्या."

आतून मास्तर म्हणाले, "येऊ द्या त्यांना."

परिचारिकेनं पट्टी जखमेशेजारी धरली. मालकांनी खिडकी उघडायला लावली, कारण कन्व्हर्टर उजेड खातो. चार फोटो काढले आणि मास्तरांना नमस्कार करून निघून गेले. आधी त्यांनी माणसांचे फोटो कधी काढले नव्हते. तिथेही त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडे कॅमेरा नेला नाही.

मी त्या संध्याकाळी घरी येऊन पहिला फोटो पुन्हा कपाटातून बाहेर काढला, वाळूवरच्या ओंडक्याचा. या वेळी ओंडक्याकडे न बघता कडेच्या पंपघराकडे बघितलं. त्याला एक दार होतं. ओंडका मोजताना मी ते दार पाहिलंच नव्हतं. पट्टी लावली, तेरा मिलिमीटर. अंतर जवळपास तेच, मग तोच हिशेब. चारशे वीसनं भागलं तर त्या दाराची उंची तीन फूट एक इंच येत होती. त्या दारातून पंप चालवणारा माणूस रोज सकाळी ताठ मानेनं आत जाताना मी पाहत होतो.

मी वर गेलो. मालक तांदूळ भाजत होते.

"मालक, तो फोटो काढताना कन्व्हर्टर लावला होता का?"

"न्हाई. बगायला लावतो म्या. फोटू काडायचा झाला की ह्यो काडून ठेवतो. सकाळी सातचा उजेड, त्यात ह्यो लावला तर काय दिसंल? तुमाला सांगितलं हुतं न्हवं, झूमला ह्यो सावत्र."

सांगितलं होतं, हे खरं आहे. गच्चीवर त्यांना बघताना मी अनेकदा पाहिलं होतं. फोटो काढताना कधीच नाही. एक रीळ ते पाच पाच महिने पुरवत. शटर दाबायच्या आधी ते तो तुकडा काढतात की नाही, हे चार वर्षांत मी एकदाही थांबून बघितलं नव्हतं.

"मी धरला लावलेला," मी म्हणालो. "विचारलं नाही तुम्हाला."

ते तांदूळ हलवत राहिले. "इचारलं असतं तर सांगितलं असतं. खोटं कशापायी बोलू?" मग म्हणाले, "पन तुमची बी चूक न्हाई म्हना. म्या तुमच्या नोटांचं फोटू काडल्यालं."

हे क्षमेचं बोलणं होतं की टोमणा, मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला दुसरी बाजू आहे असं धरून चालायची सवय मला जवळपास चार वर्षं होती, आणि ती एका दिवसात जात नाही. मी जिना उतरताना टाकीच्या खडूच्या आकड्याकडेही बघितलं, बरोबर आहे का ते.

वन खात्याची माणसं फोटो घेऊन आली. दातांच्या मापावरून त्यांनी जनावर दहा ते बारा फुटांचं असल्याचं लिहून दिलं आणि घाटावर फलक लावला. मालकांना त्याचाही भरवसा नव्हता. फलक नीट रोवलाय की नाही हे बघायला ते रोज त्याला हात लावून हलवायचे. आमचं पोहणं थांबलं. दहा जण उभे राहून नुसते पाण्याकडे बघत आणि घरी जात.

पुढच्या महिन्यात मास्तर काठी टेकत पहिल्यांदा घाटाकडे आले. अर्ध्या पायवाटेत थांबले आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, इथून उतरू नये असं काहीतरी करा. फलक कोण वाचतो? मी वाचला असता का?" माझ्या कागदाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्याचं मला जास्त लागलं.

मी मालकांना म्हटलं, वाटेला लोखंडी फाटक घालू या. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो ते हा माणूस स्वतःहून का देतोय, असा संशय त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होता.

"खर्च कुनाचा?" त्यांनी विचारलं.

मी कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. दोन दांडे, आठ सळया, बिजागऱ्या, कडी, दोन वेळा रंग आणि मजुरी. दोन दिवसांत फाटक उभं राहिलं. बाकीचे नऊ जण आपापला वाटा घेऊन आले होते, मास्तरांनीही जावयाकरवी पाठवला होता. मी कुणाचाच घेतला नाही. आठशे साठ रुपये झाले. ते मी एकट्यानं वेल्डरच्या हातात ठेवले.